दिसत नाही, म्हणजे नाहीच का?

घरच्या घरी संगणक जुळविणाऱ्यांची आता आपल्याकडे उणीव राहिलेली नाही. पूर्वी रेडिओची जुळणी करणारा एखादा मुलगा प्रत्येक गल्लीत असे. आज कॅबिनेट, मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय आणि डिस्क असे सुटे भाग चार दुकानांतून आणून त्यांचे एक यंत्र उभे करणारा मुलगा असतो. असा संगणक आपल्या गरजेप्रमाणे घडविता येतो, पुढे वाढविता येतो आणि मुलाच्या हाताला काही शिकावयास मिळते. परंतु त्याच्या वाट्याला एक दुखणे हमखास येते. एके दिवशी बटण दाबावे, पंखे फिरू लागावेत, दिवे लागावेत आणि हार्ड डिस्कचा मात्र पत्ता नसावा! तयार संगणकाला निदान कारखानदार तरी असतो. घरी जुळविलेल्याचा प्रत्येक भाग वेगळ्या कंपनीचा. त्यामुळे दाद मागावी कोणाकडे, हा प्रश्न उरतोच.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यानपिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांच्या दृष्टीने हे दुखणे केवळ यंत्राचे नाही. आपल्या घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत जे असे, ते गेल्या पंधरा-वीस वर्षांत डिस्कवर गेले आहे. पणजोबांचे मोडीतले कागद स्कॅन करून ठेवलेले, जमिनीचे उतारे, वाड्याच्या अंगणातल्या मुंजीचे फोटो, आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या. मूळ कागदांना वाळवी लागली, कॅसेटींवर बेळगावच्या पावसाळ्याने बुरशी धरली आणि डिस्कवरची प्रत हीच मूळ प्रत होऊन बसली. म्हणून 'डिस्क दिसत नाही' हे वाक्य ऐकल्याबरोबर घरातील वडीलधाऱ्यांच्या पोटात गोळा येतो, तो उगीच नव्हे.

या वाक्याचा अर्थ मात्र नीट पाहावयास हवा. दिसत नाही, पण कोणाला? संगणकात पाहणारे एकाहून अधिक आहेत. पहिला पाहणारा म्हणजे मदरबोर्डवरील बायोस. विंडोज सुरू होण्यापूर्वीच तो आपल्याला जोडलेल्या वस्तूंची हजेरी घेतो. दुसरा पाहणारा म्हणजे विंडोज अथवा लिनक्स. तिसरा आपण, पडद्यावरच्या 'धिस पीसी'च्या खिडकीत सी, डी, ई अशी अक्षरे शोधणारे. आपल्याला ई दिसले नाही म्हणजे विंडोजला डिस्क दिसली नाही असे होत नाही. विंडोजला दिसली नाही म्हणजे बायोसला दिसली नाही असेही नाही. आणि बायोसलाही दिसली नाही, तरी डिस्क मेली असा निष्कर्ष निघत नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत, असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणे सांगितली आहेत. वस्तू फार दूर असणे, फार जवळ असणे, डोळाच अधू असणे, मध्ये आडपडदा येणे ही त्यांपैकी काही. हार्ड डिस्कचा विचार त्या आचार्याच्या स्वप्नातही नसणार. पण दुरुस्तीच्या टेबलावर ती यादी मला अनेकदा आठवते.

तपासाला आरंभ करण्यापूर्वी स्वतःला विचारावयाचा प्रश्न एकच: डिस्क नवी कोरी आहे, की तिच्यावर दुसरीकडे कोठेही नसलेले असे काही आहे? नवी असेल तर वाटेल ते प्रयोग करावेत. फार तर दुकानदाराकडून बदलून मिळेल. दुसऱ्या प्रकारची असेल तर प्रत्येक पाऊल टाकताना, याने डिस्कवर काही लिहिले तर जाणार नाही ना, एवढे पाहावे. पुढचे सारे या एका भेदावर अवलंबून आहे.

आमच्या गल्लीतील एका घरची गोष्ट सांगतो. नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. त्याने स्वतः जुळविलेल्या संगणकात चार टेराबाइटची एक हार्ड डिस्क होती आणि तिच्यावर आजोबांची भजने होती. आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्या कॅसेटी नातवानेच एका सुट्टीत संगणकावर उतरवून घेतल्या होत्या आणि नंतर त्या कॅसेटी पावसाळ्यात खराब झाल्या. एका रविवारी त्याने संगणकाचा वेग वाढावा म्हणून एम.टू प्रकारची नवी एसएसडी आणून बसविली. च्युइंगगमच्या पट्टीएवढी ती वस्तू. मदरबोर्डवरच्या खाचेत सरकवायची आणि एक स्क्रू पिळायचा. संगणक सुरू झाला, नवी पट्टी दिसली आणि जुनी डिस्क नाहीशी झाली. मुलाने ती दुकानात नेली. दुकानदाराने आपल्या संगणकाला घाईत लावून पाहिली न पाहिली आणि निदान केले, "डिस्क गेली. वॉरंटीत आहे, बदलून देतो."

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. वॉरंटीत बदलून मिळते ती कोरी डिस्क. जुनी कंपनीकडे जाते ती परत येत नाही, आणि तिच्यावर काय होते याची कंपनीने हमी घेतलेली नसते. त्या मुलाने होकार दिला असता, तर एका नव्या डिस्कच्या मोबदल्यात आजोबांचा आवाज कायमचा जाणार होता. दैवाने त्याला आजीला विचारण्याची बुद्धी झाली. आजी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, त्या पोराच्या पेटीत काय झालंय, तेवढं बघा की."

मी मुलाला विचारले, "काल काय बदललेस?" दुरुस्तीच्या कामात याच्याइतका उपयोगी प्रश्न नाही आणि याच्याइतका कमी विचारला जाणाराही नाही. तो म्हणाला, "काही नाही सर, फक्त एसएसडी बसवली." डिस्क पुन्हा होती त्या जागी लावून आम्ही संगणक सुरू केला आणि मी कॅबिनेटला तळहात टेकवला. डिस्क फिरत असल्याची संथ घरघर हाताला लागत होती. खट् खट् असा आवाज मुळीच नव्हता. म्हणजे वीज पोहोचत होती आणि मोटर ठणठणीत होती. बायोसमध्ये मात्र तिचे नाव नव्हते. "मदरबोर्डची पुस्तिका आहे का?" खोक्यात होती, प्लास्टिकची पिशवी न फोडलेली. तिच्या एका पानाच्या तळाशी बारीक टाइपात टीप होती: दुसऱ्या एम.टू खाचेत पट्टी बसविल्यास पाचव्या व सहाव्या क्रमांकाची साटा जोडणी बंद राहील. मुलाने पट्टी दुसऱ्या खाचेत बसविली होती आणि जुनी डिस्क पाचव्या जोडणीवर होती.

यात कोणाची लबाडी नाही. मदरबोर्डवर माहिती वाहून नेण्याच्या वाटा मोजक्याच असतात. जागा जास्त दाखविता याव्यात म्हणून कारखानदार एकच वाट दोन दारांना जोडतो. एक दार उघडले की दुसरे मिटते. कोणत्या दाराने कोणते मिटते हे प्रत्येक मदरबोर्डचे वेगळे असते आणि ते पुस्तिकेतच सापडते. आम्ही केबल पाचव्या जोडणीवरून काढून दुसऱ्या जोडणीवर लावली. डिस्क दिसली. पाच मिनिटांनी स्वयंपाकघरापर्यंत भजन ऐकू आले. त्या आवाजाला आजी काय म्हणाल्या ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

पट्टीच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो तोही सांगून टाकतो. एम.टू हे केवळ आकाराचे नाव आहे. त्या आकारात दोन भिन्न बोली बोलणाऱ्या पट्ट्या येतात, एक साटा आणि दुसरी एनव्हीएमई. काही खाचांना दोन्ही बोली कळतात, काहींना एकच. पट्टी खाचेत व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो आणि बायोसला तिचा गंधही नसतो. वस्तू बदलून घेणे हाच त्यावर उपाय.

माझ्या पिढीने हे सारे वेगळ्या रूपात पाहिलेले आहे. त्या काळी चाळीस टाचण्यांची रुंद फितीसारखी केबल असे आणि एका केबलवर दोन डिस्का बसत. त्यांतील एकीने मास्टर व दुसरीने स्लेव्ह व्हावयाचे, तेही पाठीमागची इवलीशी जंपर टोपी योग्य टाचण्यांवर बसवून. दोघीही मास्टर झाल्या की दोघीही दिसेनाशा होत! २००३ च्या सुमारास साटा आली आणि हा मानापमान संपला. साटाच्या माहितीच्या केबलला सात स्पर्शबिंदू असतात, विजेच्या जोडणीला पंधरा. जोडणीचा आकार इंग्रजी एल अक्षरासारखा, म्हणजे उलटी बसू नये. तथापि साटाची जोडणी सैल पडते हा तिचा दोष आहेच. कॅबिनेट सरकवले, झाडताना धक्का लागला, केबल घट्ट ओढून वळविलेली असली, की ती केसभर मागे येते आणि तेवढे पुरते. आमच्याकडच्या दमट हवेत स्पर्शबिंदूंवर मळकट थरही चढतो. म्हणून पहिला उपाय सर्वांत स्वस्त: भिंतीवरचे बटण बंद करावे, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवावी, दोन्ही टोके काढून पुन्हा घट्ट लावावीत. मग केबल बदलून पाहावी, मग मदरबोर्डवरची दुसरी जोडणी, मग विजेची दुसरी जोडणी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलून डिस्क दिसू लागली, तर दोष कोणात होता हे कधीच कळत नाही आणि तोच दोष महिन्याने परत येतो.

विजेच्या जोडणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे चुकले तर डिस्क खरोखरच मरते. साडेतीन इंची हार्ड डिस्कला दोन प्रकारची वीज लागते: मोटर फिरविण्यास १२ व्होल्ट आणि आतील विद्युत्पट्टीला ५ व्होल्ट. अडीच इंची एसएसडीचे साधारणतः ५ व्होल्टवर भागते. त्यामुळे पॉवर सप्लायची १२ व्होल्टची तार दुखावली असेल, तर त्याच जोडणीवर एसएसडी चालते आणि हार्ड डिस्क गप्प राहते. मग आपण डिस्कला बोल लावतो. अलीकडच्या पॉवर सप्लायच्या केबली सुट्या असतात. त्यांचे डिस्केकडील टोक सर्वत्र सारखे, परंतु पॉवर सप्लायकडील टोकात कोणत्या छिद्रात कोणता व्होल्ट हे प्रत्येक कंपनीचे निराळे, कधी एकाच कंपनीच्या दोन नमुन्यांतही निराळे. जुन्या पॉवर सप्लायची केबल नव्याला बसते म्हणून लावली आणि ५ च्या जागी १२ व्होल्ट गेले, की डिस्केची विद्युत्पट्टी क्षणात जळते. पॉवर सप्लाय बदलला तर त्याच्या केबलीही त्याच्याबरोबरच बदलाव्यात. या नियमाला अपवाद करू नये.

पंधरा बिंदूंपैकी तिसऱ्याची कथा मजेदार आहे. पूर्वी त्यावर ३.३ व्होल्ट येत आणि बहुतेक डिस्का त्याकडे लक्ष देत नसत. २०१६ साली साटाच्या नियमांत सुधारणा झाली आणि त्या बिंदूवर वीज आली तर डिस्केने निजून राहावे, असा नवा संकेत दाखल झाला. बाहेरून जोडावयाच्या मोठ्या डिस्केचे कवच फोडून आतली डिस्क संगणकात बसविणारे पुष्कळ असतात, कारण ती तशी स्वस्त पडते. अशी डिस्क जुन्या पॉवर सप्लायला लावली की ती फिरतच नाही; तिला सतत निजण्याची आज्ञा मिळत असते. तिसऱ्या बिंदूवर उष्णता सोसणाऱ्या कॅप्टन टेपचा बारीक तुकडा चिकटविला की डिस्क जागी होते. चार टाचण्यांच्या जुन्या मोलेक्स जोडणीवरून साटा करणारा जोड लावूनही काम भागते, कारण तीत ३.३ व्होल्ट नसतातच. मात्र असे जोड हलक्या प्रतीचे घेऊ नयेत. ओतीव प्लास्टिकचे स्वस्त जोड आतून वितळून पेटल्याचे प्रकार झालेले आहेत.

आता समजा, बायोसला डिस्क दिसते आणि विंडोजला नाही. ही बहुधा शुभवार्ता असते. स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी मारून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. डिस्क तेथे धडधाकट असेल आणि तिला केवळ अक्षर नसेल, तर अक्षर द्यावे, काम झाले. डिस्क नवी असेल तर ती 'नॉट इनिशियलाइज्ड' असे म्हणेल. तिच्यावर अद्याप विभागांचा तक्ताच आखलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेथे दोन पद्धतींतून निवड करावयाची असते, एमबीआर आणि जीपीटी. दोन टेराबाइटहून मोठ्या डिस्केला जीपीटीच घ्यावी, कारण एमबीआरची मोजणी साधारण तेथेच संपते.

परंतु काल-परवापर्यंत भरलेली असलेली डिस्क आज हेच शब्द उच्चारू लागली, तर गोष्ट अगदी उलट. विंडोज अत्यंत नम्रपणे विचारते: इनिशियलाइज करू का? फॉरमॅट करू का? दोन्ही वेळी 'कॅन्सल' म्हणावे. संगणकाला तक्ता वाचता आला नाही; पाने जागच्या जागी असण्याचा संभव मोठा आहे. अनुक्रमणिकेचे पान फाटले म्हणून कोणी ग्रंथ रद्दीत घालीत नाही. लिनक्सवर तयार झालेली डिस्क विंडोजला जोडली तरी विंडोज फॉरमॅटचीच सूचना करते, कारण तिला ती लिपी येत नाही. मोडी न वाचता येणाऱ्याने कागद कोरा आहे म्हणावे, त्यातलाच प्रकार.

विंडोज नव्याने घालतानाच 'डिस्क सापडत नाही' असे आले, तर इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक संगणकांत त्याचे कारण बायोसमधील व्हीएमडी नावाची व्यवस्था असते. मदरबोर्डच्या कंपनीने दिलेला ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून 'लोड ड्रायव्हर' करून द्यावा, किंवा यंत्र नवेच असेल तर व्हीएमडी बंद करावे. जुन्या संगणकात तारीख-वेळही चुकीची दिसत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ क्रमांकाचा तीन व्होल्टचा सेल संपलेला असतो. त्यामुळे बायोस आपली जुनी मांडणी विसरतो आणि डिस्कशी भलत्या पद्धतीने बोलू लागतो. सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो.

इतके करूनही डिस्क दिसली नाही, तर ती दुसऱ्या संगणकाला किंवा स्वतंत्र वीज असलेल्या यूएसबी जोडणीला लावून पाहावी. तेथे दिसली तर दोष घरच्या संगणकात. तेथेही दिसली नाही तर मात्र कान लावावा. संथ घरघर चांगली. संपूर्ण शांतता बहुधा विद्युत्पट्टीचा दोष सांगते. बारीक पीं पीं असा आवाज म्हणजे मोटर फिरू पाहते आहे आणि काहीतरी अडकले आहे. आणि ठराविक अंतराने खट्, खट् असा आवाज आला, तर त्याच क्षणी वीज बंद करावी. एसएसडीला आवाजच नसतो. ती बिघडते ती निःशब्दपणे, आणि कधी बायोसमध्ये भलत्याच नावाने वा शून्य क्षमतेने प्रकट होते. तिच्याशीही मग खटपट करू नये.

त्या खट् आवाजाचे कारण समजले की घाईचा मोह आवरतो. १९५६ साली आयबीएमने पहिली डिस्क-यंत्रणा बाजारात आणली, तेव्हा तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन एका टनाहून अधिक आणि साठवण सुमारे ५० लाख अक्षरांची. आजच्या डिस्केत तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारे डोके तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगते. माणसाचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड. हे डोके दुखावले की ते आपली जागा शोधते, सापडत नाही, मागे येऊन आपटते आणि पुन्हा जाते. तोच तो आवाज. दुखावलेले डोके तबकडीवर घासू लागले, तर ज्या मुलाम्यावर माहिती आहे तोच खरवडून निघतो.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांची डिस्क अशीच आवाज करू लागली. तिच्यावर त्यांनी तीस वर्षे जमविलेल्या सीमाभागातील बोलीच्या शब्दांच्या नोंदी होत्या. कधीतरी दिसेल या आशेने ते चार दिवस ती पुन्हा पुन्हा सुरू करीत राहिले. मध्येच कोणीतरी सांगितले म्हणून ती रात्रभर फ्रीजमध्येही ठेवली. हा उपाय अजून लोक सांगतात, पण थंड डिस्क बाहेर काढली की आत दव धरते आणि होते नव्हते तेही जाते. शेवटी पुनर्प्राप्ती करणाऱ्या तज्ज्ञाकडे डिस्क गेली, तेव्हा तबकडीवर घासल्याची वर्तुळे उमटलेली होती. नोंदींपैकी काही मिळाले नाही. पहिल्या दिवशी आणली असती तर, असे तो तज्ज्ञ म्हणाला. ते वाक्य ते शिक्षक अजून सांगतात.

डिस्क दिसते, पण रखडते, मध्येच नाहीशी होते, अशीही एक अवस्था आहे. तीत 'चेक डिस्क' चालवू नये. तो दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहितो. जाणत्याकडून आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावी. जीएनयू डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम त्याच कामासाठी आहे. तो सोपे भाग आधी उचलतो, अवघड नंतर, आणि कोठवर आलो याची नोंद ठेवतो. मग जे काही प्रयोग करावयाचे ते प्रतीवर.

तज्ज्ञाकडे पाठवावयाची वेळ आली, तर डिस्क उघडू नये. तशाच दुसऱ्या डिस्केची विद्युत्पट्टी आणून बदलूही नये. आजकाल त्या पट्टीवरील एका चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्केची जुळवणी नोंदलेली असते आणि परक्या पट्टीने ती चालत नाही. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, काहीच न मिळाल्यास किती आकारणार ते विचारावे, आणि मूळ डिस्क परत हवी हे स्पष्ट सांगावे. स्थिर विजेपासून जपणाऱ्या पिशवीत, सर्व बाजूंनी दोन-तीन बोटे जाड फोम घालून ती बांधावी. वर्तमानपत्राचे बोळे पुरत नाहीत. सोबत एक चिठ्ठी ठेवावी: आवाज कोणता आणि केव्हापासून, शेवटी काय बदलले, त्यानंतर किती वेळा सुरू केली, आणि सारे मिळणार नसेल तर कोणते फोल्डर आधी हवे.